ओढूनताणून बॉर्डर

शनिवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे आमच्या हिशेबाने पहाटेच, आत्याचा फोन आला.

"अरे, पत्रिका पाठवलीय बघ. काहीतरी बिघडलंय, पण काय ते मला सांगता येईना. तू कॉम्प्युटरवाला ना, तूच सांग."

आतेबहिणीचं लग्न ठरलंय. छापील पत्रिका अगदी थोड्या, देवापुढे ठेवायला आणि घरच्या वडीलधाऱ्यांना द्यायला. बाकी सगळ्यांना फोनवर. आत्याची अट एकच होती, की बॉर्डर तिच्या स्वतःच्या लग्नपत्रिकेची हवी. ती पत्रिका १९८८ सालची. बॉर्डर तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, हाताने जुळवलेली. आजोबा साताऱ्यात एका छापखान्यात कंपोझिटर होते. लेकीच्या लग्नाची पत्रिका दुसऱ्या कुणाला करू देतील तर शपथ.

फोनवर चित्र उघडलं आणि झोप उडाली. कोपऱ्यातल्या कोयऱ्यांचे दुधी भोपळे झाले होते. उभ्या बाजूंची पानं लांबुळकी आणि आडव्या बाजूंची जाडजूड. एकाच वेलीला दोन जातीची पानं! आणि वर मधोमध गणपती. लंबोदरातला उदर गेला होता आणि नुसता लंब उरला होता.

काय झालं असेल ते ओळखायला इंजिनियर असावं लागत नाही. जुनी पत्रिका पाच इंच बाय सात इंच. फोनच्या स्टेटससाठी हवी १०८० बाय १९२० पिक्सेल. रुंदी १०८० धरली तर मूळ पत्रिकेची उंची भरते १५१२. वर उरले ४०८ पिक्सेल. त्यांचं काय करायचं? डीटीपीवाल्याने कंट्रोल-टी दाबलं, खालचा हँडल पकडला आणि ओढला. झालं. २७ टक्के उंची फुकटात वाढली. दोन सेकंदांचं काम.

मी दुकानात फोन केला. मुलगा साधा, सभ्य. म्हणाला, "साहेब, साइज तीच दिलीय ना तुम्हाला? बॉर्डर पण तीच आहे. मोबाईलवर कोण बघतंय एवढं?"

मंडळी, हे "कोण बघतंय एवढं" ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. त्या मुलाबद्दल नाही. त्याला एका पत्रिकेमागे किती सुटतात ते मी विचारलं, आणि आकडा ऐकून गप्प बसलो. माझं भांडण आहे ते "चित्र लहान-मोठं करणं म्हणजे कोपरा धरून ओढणं" या समजुतीशी. ही समजूत त्याचीच नाही, तुमची-आमचीही आहे.

तर पहिला मुद्दा. बॉर्डर म्हणजे चित्र नाही. दिसते चित्रासारखी, फाइलही जेपेगच असते, पण बॉर्डर हा एक नियम असतो. "कोपऱ्यात हे ठेवा, त्यानंतर हे पान पुन्हा पुन्हा ठेवत मध्यापर्यंत या, मध्यावर हे कमळ ठेवा, समोरून तसंच उलट्या दिशेने या." हा नियम कुठल्याही मापाच्या कागदावर चालवता येतो. आपण डोळ्यांसमोर पाहतो तो त्या नियमाचा एका मापासाठी काढलेला निकाल. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम हरवला आणि हातात फक्त आउटपुट राहिलं. आता नवीन माप आलं की आपण त्या आउटपुटलाच ताणत बसतो. दहा नावांच्या यादीत पंधरा नावं हवीत म्हणून कुणी फाँट दीडपट करतं का?

ज्यांचं पोट अशा कामावर चालतं त्यांना हे कधी शिकवावं लागलं नाही. पैठणी विणणाऱ्याकडे जा. सहावारीच्या ऐवजी नऊवारी हवी म्हटलं, तर तो काठातला मोर दीडपट लांब करत नाही. मोर तेवढाच राहतो, मोरांची संख्या वाढते. फोटो फ्रेम करणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे मोल्डिंगच्या लांबलचक पट्ट्या असतात. फोटो मोठा असला की तो जास्त पट्टी कापतो आणि कोपऱ्यात ४५ अंशांचा काप घेऊन जोडतो. दोन फुटी फ्रेम ओढून तीन फुटी करणारा फ्रेमवाला मला दाखवा! एवढं कशाला, दारात रांगोळीची किनार काढणारी कोणतीही मावशी बघा. जागा उरली तर ती आणखी दोन ठिपके टाकते. ठिपका लंबगोल करत नाही.

छापखान्यात तर हे शिशातच ओतलेलं होतं. बॉर्डर एकसंध मिळायचीच नाही. तिचे सुटे खिळे मिळायचे. कोपऱ्याचा खिळा वेगळा, बाजूचा वेगळा. खिळ्यांचं माप पॉइंटात, बहात्तर पॉइंट म्हणजे साधारण एक इंच. आजोबांच्या बॉर्डरमधलं पान २४ पॉइंटांचं होतं, म्हणजे एक तृतीयांश इंच. कोयरीचा कोपरा बरोबर त्याच्या दुप्पट, ४८ पॉइंट. बॉर्डर मोठी करायची तर आणखी पानं लावा. पान संपलं तर थांबा, किंवा दुसरी बॉर्डर घ्या. शिसं ओढून लांब होत नाही हो. त्या माध्यमात ही चूक करायची सोयच नव्हती.

मग संगणक आला आणि सोय झाली.

आता गंमत बघा. आपल्या धंद्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, हा प्रश्न कधीचाच सुटलेला आहे. त्याला नाइन-स्लाइस म्हणतात. चित्राचे नऊ तुकडे करायचे, सापशिडीच्या पटासारखे, पण तीन बाय तीन. चार कोपरे, चार बाजू आणि मधला भाग. कोपऱ्यांना हात लावायचा नाही. वरची आणि खालची बाजू फक्त आडवी वाढवायची, डावी-उजवी फक्त उभी, मधला भाग हवा तसा. २००५ साली आलेल्या फ्लॅश ८ मध्ये ही सोय होती. अँड्रॉइडमध्ये तर खास फाइलच असते, नावाच्या शेवटी डॉट नाइन डॉट पीएनजी. तिच्या कडेला एक पिक्सेल जाडीच्या काळ्या रेघा काढून सांगायचं की एवढाच भाग ताण, बाकीचा नको. तुमच्या चॅटमधला फुगा एका शब्दाचा असो की दहा ओळींचा, त्याचे गोल कोपरे तसेच राहतात, ते याच युक्तीमुळे. सीएसएसमध्ये बॉर्डर-इमेज आहे. तिथे बाजूंचं काय करायचं त्याचे चार पर्याय आहेत. स्ट्रेच म्हणजे ताणा. रिपीट म्हणजे पुन्हा पुन्हा ठेवा, शेवटचा तुकडा कापला गेला तरी चालेल. राउंड म्हणजे पुन्हा ठेवा, पण अख्खेच बसतील इतपत त्यांचं माप जुळवा. आणि स्पेस म्हणजे अख्खेच ठेवा, उरलेली जागा मध्ये वाटून द्या.

शेवटचे दोन पर्याय वाचून आजोबा हसले असते. हे त्यांचं रोजचं काम होतं. ओळीत जागा उरली की दोन खिळ्यांमध्ये पातळ शिशाची पट्टी सरकवायची, तीही जाड वाटली तर कागदाचा कपटा.

आणि आपण काय केलं? चारही पर्याय दिले, पण तुम्ही काहीच सांगितलं नाहीत तर कोणता लागू होतो? स्ट्रेच! म्हणजे कोपरे तरी वाचतात, पण बाजूची पानं ताणलीच जातात. ज्यांना प्रश्न नीट कळला होता, त्यांनीही न सांगता मिळणारं उत्तर तेच ठेवलं. का, ते समजू शकतो. साध्या रेघेची किंवा सावलीची कडा असेल तर ताणलेली कळत नाही, आणि जोड दिसण्याची भानगडच राहत नाही. पण पानाफुलांच्या बॉर्डरला हेच लागू केलं की झाला दुधी भोपळा.

फोटोशॉपचंही तसंच. वर्षानुवर्षं तिथे फ्री ट्रान्सफॉर्ममध्ये हँडल ओढला की प्रमाण मोडायचं. प्रमाण राखायचं असेल तर शिफ्ट दाबायची. म्हणजे चूक करायला एक बोट आणि बरोबर करायला दोन. २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या आवृत्तीत त्यांनी हे उलटं केलं. आता नुसतं ओढलं तर प्रमाण राहतं, शिफ्ट दाबली तर मोडतं. त्यावर जुन्या लोकांचा इतका त्रागा झाला की पुढे प्रेफरन्सेसमध्ये "लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म" असा पर्याय द्यावा लागला. सवय ही अशी चीज आहे.

पण नवीन डीफॉल्टनेही आपला प्रश्न सुटत नाही. पाच बाय सातची चौकट प्रमाण राखून कितीही मोठी केली तरी ती पाच बाय सातच राहणार. नऊ बाय सोळात ती बसणार नाही, वर-खाली पट्टे उरणार. आणि पट्टे उरलेले आपल्याला बघवत नाहीत. आठवतंय, घरोघरी नवे रुंद टीव्ही आले तेव्हा काय झालं? चॅनेल चारास तीनचं, टीव्ही सोळास नऊचा. सगळी बॅटिंग ऑर्डर वजन वाढल्यासारखी दिसायची, पण बाजूला काळे पट्टे नकोत. पैसे अख्ख्या रुंदीचे दिलेत ना! मग भरा ती रुंदी. त्या वर्षांत जाड झालेले फलंदाज बघून आपण ताणलेल्या चित्राला जे सरावलो, ते अजून सरावलेलोच आहोत. चौकाचौकात वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे ताणलेले चेहरे बघून आता कुणाला हसूही येत नाही.

"मग एखादं स्मार्ट टूल वापर ना," असं माझा एक मित्र म्हणाला. हा मुद्दाही घेऊ. २००७ साली शाय अविदान आणि एरिएल शमीर यांनी सीम कार्व्हिंग नावाची फार सुंदर पद्धत मांडली. चित्रात जिथे फारसं काही घडत नाही, तिथून पिक्सेलच्या वळणावळणाच्या रेषा काढायच्या किंवा घालायच्या. माणसं तशीच राहतात आणि आकाश वाढतं. २००८ च्या फोटोशॉप सीएस४ मध्ये ती कंटेंट-अवेअर स्केल या नावाने आली. समुद्रकिनाऱ्याच्या फोटोला जादू आहे. पण बॉर्डरमध्ये "जिथे काही घडत नाही" ती जागा कोणती? दोन पानांमधली फट. आणि ती फट सगळीकडे सारखी असणं हाच तर बॉर्डरचा प्राण. ही पद्धत पान वाचवते आणि लय घालवते.

एआयही करून पाहिलं. कोणत्या टूलने ते सोडा. म्हटलं, वर-खाली वाढवून दे. दिलं. क्षणभर वाटलं की जमलं. मग मोठं करून बघितलं. डावीकडे नवीन पानं चार, उजवीकडे पाच. एका पानाला दोन देठ. कमळाच्या जागी कमळ आणि सूर्यफूल यांचं काहीतरी अपत्य. त्याने बॉर्डरसारखं दिसणारं काहीतरी काढलं, नियम काही त्याला सापडला नाही. माझ्या मुलाने पहिलीत पाढे असेच म्हटले होते, सुरात आणि चुकीचे.

शेवटी ठरवलं, स्वतःच करू. आत्याकडून मूळ पत्रिका मागवून घेतली आणि ६०० डीपीआयवर स्कॅन केली. कसं केलं ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं ओरडून उपयोग नाही.

आधी मोजलं. ही पायरी कुणीच करत नाही आणि सगळं काम इथेच आहे. स्कॅन ३००० बाय ४२०० पिक्सेलचा. चहूबाजूंना २०० पिक्सेलचा मोकळा समास. आतली चौकट २६०० बाय ३८००. कोपरा ४०० पिक्सेल, पान २०० पिक्सेल. म्हणजे उभ्या बाजूला कोपरे सोडून ३००० पिक्सेल, म्हणजे बरोबर १५ खिळे. सात पानं, एक कमळ, सात पानं. आडव्या बाजूला नऊ, म्हणजे चार पानं, एक कमळ, चार पानं. एकूण ४४ पानं, चार कमळं, चार कोयऱ्या. बावन्न खिळे. (हातानं आवळलेले खिळे, त्यामुळे एखाददुसरा पिक्सेल इकडेतिकडे. तेवढं सोडून द्या.)

कमळ का आहे, ते मला पहिल्यांदाच कळलं. वेलीला दिशा असते. पानं दोन्ही कोपऱ्यांकडून मध्याकडे धावत येतात आणि मध्यावर टोकाला टोक भिडतं. तिथे काहीतरी तिसरं ठेवल्याशिवाय ते भांडण मिटत नाही. म्हणून कमळ. आणि म्हणूनच बाजूचे खिळे नेहमी विषम संख्येत हवेत. हा झाला नियम.

आता नवीन माप. रुंदी ३००० च ठेवली तर नऊ बाय सोळासाठी उंची ५३३३. समास २०० धरला तर चौकट ४९३३, कोपरे वजा जाता ४१३३. भागिले २००, उत्तर २०.६७. इथे हात हँडलकडे शिवशिवतो. जरासं ताणलं की बसेल! थांबा. एकवीस खिळे लावले तर ४२०० पिक्सेल लागतात, म्हणजे ६७ जास्त. ते समासातून घ्या. वरचा-खालचा समास २०० ऐवजी साधारण १६६ होईल. फोनच्या स्क्रीनवर हा फरक बाजूला ७२ पिक्सेल आणि वर-खाली ६० इतकाच. समासाला चेहरा नसतो, त्याचं काही बिघडत नाही. पानाला चेहरा असतो. कंपोझिटरही हेच करायचे, बॉर्डर पूर्ण खिळ्यांत बसवायची आणि कमी-जास्त होईल ते कोऱ्या कागदावर ढकलायचं.

पुढचं सोपं आहे. रूलर टूलने स्कॅन सरळ केला. लेव्हल्सने कागदाचा पिवळेपणा काढला. मूळ लेयरची कॉपी करून मूळ कुलूपबंद ठेवला. मग इमेज साइज नव्हे, कॅनव्हास साइज वाढवली. या दोन आज्ञा मेन्यूत शेजारी शेजारी असतात, पण पहिली चित्र बदलते आणि दुसरी कागद. आपल्याला कागद मोठा हवा होता. वरची पट्टी कोपऱ्यांसकट आणि खालच्या सात-सात पानांसकट उचलून वर नेली. तशीच खालची पट्टी खाली. कमळं मध्ये. आता प्रत्येक अर्ध्या बाजूला तीन पानांची, म्हणजे ६०० पिक्सेलची जागा मोकळी राहिली. अशा चार जागा, बारा पानं.

ती बारा पानं कुठून आणायची? एकच पान बारा वेळा चिकटवता येतं, पण नको. ट्रेडल मशीनवरची छपाई, कुठे शाई दाट आणि कुठे फिकट. एकच डाग ओळीने बारा ठिकाणी दिसला की डोळ्याला लगेच कळतं. म्हणून बारा वेगवेगळी पानं घेतली. मार्कीने निवडा, कंट्रोल-जे, जागेवर ठेवा. आणि सांभाळायचं हे की पानं दोन हातांची आहेत, डावी आणि उजवी. डाव्या हाताचं पान उजव्या हाताच्या जागी नुसतं फिरवून चालत नाही, आरशात धरल्यासारखं फ्लिप करावं लागतं. शेवटी सगळं एकत्र करून, प्रमाण राखून, एकदाच १०८० वर आणलं. एकदाच, कारण दर वेळी माप बदललं की पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि कडा भुरकट होतात.

वेळ लागला एक तास चाळीस मिनिटं. दोन चहा धरून. हातात सवय असलेला माणूस अर्ध्या तासात करेल.

आडव्या बाजूंना खरं तर हात लावायची गरजच नव्हती. पण खालच्या पट्टीत, उजव्या कोपऱ्यापासून तिसरं पान उलटं होतं. टोक बरोबर मध्याकडे, पण पानाचा बाक बाहेरच्या ऐवजी आत. आजोबांची चूक दिसली, म्हटलं आलोच आहोत तर दुरुस्त करू. शेजारचं पान कॉपी केलं, त्यावर बसवलं, मोठ्या अभिमानाने आत्याला पाठवून दिलं.

पाच मिनिटांत फोन. "छान झालंय रे. आता अगदी माझ्या पत्रिकेसारखी दिसतेय. पण खालचं उलटं पान कुठं गेलं?"

मी म्हटलं, "आत्या, ती चूक होती. मी नीट केली."

"चूक कसली? अण्णांना त्या हाताचं एक पान कमी पडलं होतं. केसमध्ये शोधलं, मिळालं नाही. मग दुसऱ्या हाताचं घेऊन उलटं फिरवून बसवलं. दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत त्यापायी. मी म्हटलं, राहू द्या, कोण बघतंय एवढं? तर म्हणाले, मी बघतोय ना."

आता बोला.

गंमत म्हणजे ताणलेल्या पत्रिकेत ते पान होतं. बिघडलेल्या आकारात का होईना, होतं. मी, नियम शोधणारा शहाणा, नियमात बसत नाही म्हणून तेच पुसून टाकलं होतं. कुलूपबंद लेयरमधून ते परत आणलं. त्या एका पानामुळे मला माझ्या सिद्धांतात भर घालावी लागली. बॉर्डर मोठी करायची तर आधी नियम शोधा, आणि नियम कुठे मोडलाय ते दिसलं तर मोडणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका. जुन्या कोडबेसमध्ये विचित्र दिसणारी ओळ उडवून रात्री दोनला फोन घेणाऱ्यांना मी हे वेगळं सांगायला नको.

आता "कोण बघतंय एवढं" कडे परत येऊ. याची तीन उत्तरं आहेत.

एक, सगळे बघतात. आत्याला फोटोशॉप कशाशी खातात ते माहीत नाही, तरी "काहीतरी बिघडलंय" हे तिला पहिल्या नजरेत कळलं. शब्द नव्हते एवढंच. गोल वाटोळा राहिला नाही, वेलीची लय मोडली, हे डोळ्याला कळायला शिक्षण लागत नाही. आपण "लोकांना कळत नाही" म्हणतो, तेव्हा खरं तर "लोकांना सांगता येत नाही" एवढंच खरं असतं. आणि सांगता येत नाही याचा फायदा घेणं ही लबाडी आहे.

दोन, "एवढ्या पैशात एवढंच होतं." मान्य. पण मग तसं सांगा. "बॉर्डर नीट वाढवायची तर एवढे जास्त पडतील" म्हणा. आत्याने आनंदाने दिले असते. तिला तो पर्याय कुणी दिलाच नाही, कारण दुकानदाराला तो असतो हेच माहीत नव्हतं. त्याला कोर्समध्ये हँडल ओढायला शिकवलं, मोजायला शिकवलं नाही. आणि आपण तरी गिऱ्हाईक म्हणून काय सांगतो? "जरा मोठं करून दे रे." "मोठं" म्हणजे काय ते आपणच सांगत नाही.

तीन, हे फक्त पत्रिकेपुरतं नाही. ताणण्याची सवय बोटांना लागली की ती सगळीकडे जाते. पाच माणसांसाठी आखलेली कामाची पद्धत पन्नास माणसांवर ओढायची आणि वर म्हणायचं की स्केल केली. एका शहरासाठी केलेला नियम दुसऱ्यावर ताणायचा. कोपरे कुठले, बाजू कुठल्या, काय वाढवायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे विचारायलाच आपण विसरलोय. सोमवारी ऑफिसात मी स्वतः काय करतो ते आठवून हे लिहितोय, त्यामुळे कुणी अंगाला लावून घेऊ नये. घेतलं तर मी सोबत आहे.

तर एवढंच करा. पुढच्या वेळी सत्यनारायणाचं आमंत्रण असो, सोसायटीतल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र असो किंवा आजीच्या पंच्याहत्तरीचा बॅनर असो, बॉर्डर मोठी करायची वेळ आली की हँडलला हात लावण्याआधी एक पान मोजा. बाजूला किती पानं आहेत ती मोजा. भागाकार करा. पूर्णांक आला नाही तर समासातून घ्या किंवा समासाला द्या. दुकानात करून घेत असाल तर म्हणा, "दादा, ओढू नका, वाढवा." त्याला कळलं नाही तर दहा मिनिटं बसून दाखवा. मी त्या मुलाला रविवारी दाखवलं. त्याने शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हे कुणी सांगितलंच नव्हतं." मग स्वतःहून गणपतीकडे बोट दाखवून म्हणाला, "हा पण मूळचाच टाकू ना?"

टाक बाबा. उदरासकट टाक.

छापील पत्रिका पुढच्या आठवड्यात येतील. त्या पाच बाय सातच्याच आहेत, त्यामुळे तिथे बावन्नच खिळे. फोनवर जाणाऱ्या पत्रिकेत चौसष्ट. उलटं पान दोन्हीकडे एकच, खालच्या पट्टीत, उजवीकडून तिसरं.